जमाव आणि जिव्हाळा

ज्या व्यवहाराला जेमतेम चाळीस वर्षें झालीं, त्याचा इतिहास लिहावयास बसणें कित्येकांस उतावीळपणाचें वाटेल. मला इतिहास शिकविणारे एक वृद्ध अध्यापक पन्नास वर्षांच्या अलीकडील घटना वर्तमानपत्रांच्या हवालीं करून मोकळे होत असत. परंतु समाजमाध्यमांच्या बाबतींत हा दंडक पाळूं गेलें तर पन्नास वर्षांनीं अभ्यासाला साधनच उरावयाचें नाहीं. पेशवे दफ्तरांतील रुमाल आजहि सोडून वाचतां येतात. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीं कोट्यवधि माणसांनीं एकमेकांस लिहिलेला मजकूर, जोडलेलीं नातीं, केलेलीं भांडणें यांतलें फार थोडें शिल्लक आहे. २००३ पासून २०१५ पर्यंत मायस्पेसवर लोकांनीं ठेवलेलें संगीत सर्व्हर बदलतांना नष्ट झालें, ही गोष्ट २०१९ सालीं उघडकीस आली. आणि एवढा संग्रह बुडाल्याची हळहळ चार दिवसांत विरून गेली. तेव्हां जें आठवतें आहे तें आतांच लिहून ठेवलेलें बरें.

या व्यवहारांत पडलेल्या प्रत्येक मालकापुढें तीन कामें होतीं: नवीं माणसें आणणें, आलेलीं माणसें टिकविणें, आणि जमलेल्या माणसांत कांहीं खराखुरा स्नेह नांदूं देणें. पहिल्या दोन कामांचा आंकडा रोज संध्याकाळीं हातीं येतो. तिसऱ्याचा येत नाहीं. वर्गणीदारांची संख्या आणि वाचकांची गोडी या निराळ्या गोष्टी आहेत, हें मराठी मासिकांच्या जुन्या संपादकांस पक्कें ठाऊक होतें. आणि थकलेल्या वर्गणीबद्दलचीं त्यांचीं विनवणीपत्रें पाहिलीं म्हणजे, पहिलीवांचून दुसरी उपाशी मरते हेंहि त्यांस ठाऊक होतें असें दिसतें. म्हणून केवळ वाढीची इच्छा धरली एवढ्यावरून कोणाला दोष देण्याचा माझा मानस नाहीं. वाढ, टिकाव आणि जिव्हाळा यांची गांठ कोणत्या टप्प्यावर सुटली, एवढेंच मला पाहावयाचें आहे.

कॅलिफोर्नियांत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, खाडीच्या काठीं, सॉसालिटो नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें १९८५ सालीं स्ट्युअर्ट ब्रँड आणि डॉ. लॅरी ब्रिलियंट यांनीं ‘द वेल’ नांवाची संगणकावरची एक बैठक सुरू केली. (यांपैकीं ब्रिलियंट हे भारतांतील देवीच्या रोगाच्या उच्चाटनाच्या मोहिमेंत काम केलेले डॉक्टर.) सभासदानें घरचा संगणक टेलिफोनच्या तारेनें तेथील संगणकाशीं जोडून घ्यावा आणि विषयवार मांडलेल्या संभाषणांत आपलें म्हणणें लिहावें, एवढीच व्यवस्था. महिन्याची वर्गणी ८ डॉलर, आणि शिवाय तासास २ डॉलर. या तासाच्या दराकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. कित्येकांना तरीहि तेथून उठवत नसे व महिनाअखेर मोठीं बिलें येत, ही गोष्ट खरी. पण बसण्याची किंमत बसणाराच्या डोळ्यांपुढें असे. नांव लपवून बोलण्याची सोय नव्हती, आणि जो लिहील त्यानें आपल्या शब्दांची मालकी व जबाबदारी दोन्ही घ्यावी असा नियम होता. १९८६ पासून चालकांच्या कचेरींत दरमहा सभासद प्रत्यक्ष भेटूं लागले. पडद्यावर ज्याच्याशीं तंटा झाला त्याच्याच शेजारीं बसून खावयाचें म्हटल्यावर जीभ आपोआप आवरते, हें लग्नाच्या पंगतींत बसलेल्या कोणालाहि सांगावयास नको.

हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड या सभासदानें १९९३ सालीं या अनुभवावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभींच हकीकत आहे ती अशी: त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीच्या डोक्यांत गोचीड रुतली होती. पत्नीनें डॉक्टरांकडे टेलिफोन लावून ठेवला आणि इकडे यांनीं वेलवरच्या आईबापांच्या बैठकींत प्रश्न टाकला. डॉक्टरांचा निरोप येण्याच्या आंतच उत्तर आलें व गोचीड निघालीहि. प्रसंग क्षुल्लक आहे; परंतु मध्यरात्रीं पोराला ताप चढला असतां शेजारचें दार ठोठावण्याची सोय ज्यांनीं भोगली आहे, त्यांस तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

वेलचा दोष उघड होता. ती कांहीं हजारांची सभा. बहुतेक एकाच मुलुखांतली, सुशिक्षित आणि खाऊनपिऊन सुखी. १९९४ सालीं जोड्यांच्या धंद्यांतले ब्रूस कॅट्झ तिचे मालक झाले. त्यांच्या मनांत गांवोगांव अशा सभा काढण्याचें होतें. जुन्या मंडळींना तें रुचलें नाहीं. वाद माजले, कांहीं उठून गेलीं. जिव्हाळा होता, टिकाव होता, पण वाढ म्हटली कीं घर अंगावर येई.

उलट टोक तीन वर्षांतच पाहावयास मिळालें. कोणत्याहि दोन माणसांमध्यें ओळखीच्या सहाच कड्या असतात, अशी एक कल्पना हंगेरियन लेखक फ्रिज्येश करिंथी यांनीं १९२९ सालीं एका कथेंत मांडली होती. तिचेंच नांव घेऊन अँड्रयू वाइनरीच यांनीं १९९७ सालीं न्यूयॉर्कमध्यें ‘सिक्स डिग्रीज्’ काढलें. सभासद सुमारें ३५ लाखांपर्यंत गेले, साडेबारा कोटी डॉलरांना विक्री झाली, आणि लवकरच दुकान बंद. आंत येऊन मित्रांचीं नांवें लिहिल्यानंतर तेथें करावयाचें काय, याचें उत्तर नव्हतें; शिवाय आपले मित्र तेव्हां इंटरनेटवर असत कोठें?

खरा जमाव प्रथम जमला तो फ्रेंडस्टरवर. जॉनथन एब्रम्स यांनीं २००२ सालीं काढलेलें हें संकेतस्थळ पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत एकाएकीं गाजूं लागलें. परक्याशीं ओळख करून घ्यावयाची ती मित्राच्या मित्राच्या मध्यस्थीनें, ही त्यामागची कल्पना. आमच्याकडे सोयरीक पाहतांना ‘ते तुमचे कोण, आमचे कोण’ असें विचारीत जी सांखळी लावतात, तिच्याच जातीची ती होती, आणि ती चांगली होती. चार पायऱ्यांपलीकडील माणसाचें पान सभासदास दिसत नसे. तेव्हां अधिक माणसें दिसावींत म्हणून लोकांनीं खोटीं पानें काढलीं: शहरांच्या नांवानें, विद्यापीठांच्या नांवानें, नटनट्यांच्या नांवानें. अशा एका पानाशीं मैत्री जोडली कीं हजारों अनोळखी मंडळी एकदम चार पायऱ्यांच्या आंत येत. चालकांनीं हीं पानें पुसून टाकलीं आणि सभासद संतापले. खरेपणा राखावा कीं गर्दीची हौस पुरवावी, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणें प्रथम येथेंच उभा राहिला, आणि चालकांनीं दिलेला निकाल मला तरी चुकीचा वाटत नाहीं. घात झाला तो दुसरीकडे. माणसें इतकीं लोटलीं कीं यंत्रें पुरी पडेनात; एक पान उघडावयास कधीं कधीं ४० सेकंद लागत. गूगलनें २००३ सालीं देऊं केलेले ३ कोटी डॉलर नाकारून बसलेल्या मालकांना दाराशीं उभ्या असलेल्या पाहुण्यांना वाढावयाला पानें मिळेनात. अमेरिकन सभासद हळूहळू उठून गेले. फिलिपीन्स, मलेशिया या देशांत तें आणखी कांहीं वर्षें नांदलें, २००९ अखेर एका मलेशियन कंपनीनें विकत घेतलें, आणि २०१५ सालीं त्याचें दार कायमचें लागलें.

या मृत्यूची उत्तरीय तपासणी झाली आहे. झुरिक येथील तंत्रविद्यापीठांतील तिघां संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या नांवांतच ‘ऑटॉप्सी’ हा शब्द घातला होता. अकरा कोटींहून अधिक सभासदांच्या मैत्रीचा सांगाडा त्यांनीं तपासला. त्यांचा निष्कर्ष माझ्या मतें या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. जाळ्याचा टिकाव एकूण संख्येवर अवलंबून नसतो. प्रत्येकाला तेथें मित्र किती, आणि त्या मित्रांना पुन्हां मित्र किती, यावर असतो. वावरण्याचा त्रास वाढला कीं ज्याला दोन-तीनच मित्र आहेत तो कांठावरचा माणूस प्रथम उठतो. तो गेला म्हणजे त्याच्या मित्राचा एक मित्र कमी होतो. मग त्यालाहि तेथें राहण्यांत अर्थ वाटेनासा होतो. पुण्या-मुंबईचे वाडे आणि चाळी रिकाम्या होतांना ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ही उतरंड ओळखीची वाटेल. कोपऱ्यावरच्या खोलींतलें बिऱ्हाड प्रथम हलतें व त्याचें कोणास फारसें वाटत नाहीं. पुढें समोरच्यांना दुपारीं बोलावयास कोणी उरत नाहीं, संक्रांतीच्या वाणाला बायका जमत नाहींत, आणि एके दिवशीं लक्षांत येतें कीं दिवे फक्त तळमजल्यावर लागतात. भाडेकऱ्यांचा आंकडा मात्र मालकाच्या वहींत बराच काळ भरलेलाच दिसतो.

मायस्पेसची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. २००५ सालीं न्यूज कॉर्पोरेशननें ती कंपनी ५८ कोटी डॉलरांना घेतली; पुढल्या वर्षीं जाहिरातींसाठीं गूगलशीं ९० कोटींचा करार झाला, पण ठराविक वर्दळ दाखविण्याच्या अटीवर. वर्दळ दाखविणें हेंच काम होऊन बसलें आणि पानें जाहिरातींनीं बरबटलीं. २०११ सालीं ती साडेतीन कोटींना विकली गेली.

ऑर्कुटविषयीं मात्र मला हात आंखडून लिहितां येणार नाहीं. गूगलमधील एक तुर्की अभियंता ऑर्कुट ब्युक्कोक्तेन यांनीं तें जानेवारी २००४ मध्यें सुरू केलें. आरंभीं कोणी आमंत्रण दिल्यावांचून आंत प्रवेश नसे. अमेरिकेसाठीं मांडलेला हा संसार ब्राझील आणि भारत या दोन देशांनीं बळकावला, आणि मालकांनाहि त्याचें नवल वाटलें असावें. २००८ सालीं त्याचा कारभारच ब्राझीलकडे सोंपविण्यांत आला. आमच्याकडे गल्लीगल्लींतल्या सायबर कॅफेंत तासाला पैसे मोजून पोरें तेथें जात. शाळेच्या नांवानें, गांवाच्या नांवानें, आडनांवांच्या नांवानें मंडळें निघालीं. वीस-वीस वर्षें पत्ता नसलेले वर्गमित्र सांपडले. माणसाच्या विश्वासूपणाला हंसरे चेहरे व मोहकपणाला बदाम देण्याची एक सोय तेथें होती; ती अध्यापकाच्या पानावर केवढी अवघड होई हें सांगावयास नको.

पण तेथली खरी दौलत म्हणजे ‘टेस्टिमोनिअल’. दुसऱ्यानें आपल्याविषयीं चार ओळी लिहावयाच्या. त्या आपण मान्य केल्यावांचून पानावर येत नसत. मला एका विद्यार्थ्यानें २००६ सालीं आंत ओढलें. वर्षभरांत माझ्या पानावर सात-आठ जणांनीं लिहिलें. त्यांत शेवटच्या बाकावर बसून तीन वर्षें तोंड न उघडलेल्या एका मुलीनें, रोमन लिपींतल्या मोडक्यातोडक्या मराठींत, सहा ओळी लिहिल्या होत्या. पानिपताच्या तासाला मी काय बोललों तें तिला आठवत होतें. मला आठवत नव्हतें. आपल्या शिकविण्याचें असें माप त्यापूर्वीं कधीं मला मिळालें नव्हतें. या ओळी लिहावयास वेळ लागे, विचार करावा लागे, आणि बदल्यांत कांहींच मिळत नसे. २०१० सालीं भारतांत फेसबुकनें ऑर्कुटला मागें टाकलें. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं ऑर्कुट बंद झालें. आपला मजकूर उतरवून घेण्यास पुढें दोन वर्षांची मुदत होती. मीं ती आळसांत घालविली. इतिहासाच्या अध्यापकाला हें शोभलें नाहीं, हें कबूल करतों.

फेसबुकनें मागच्या मढ्यांचा अभ्यास नीट केला होता. फेब्रुवारी २००४ मध्यें हार्वर्डच्या वसतिगृहांत जन्मलेलें हें जाळें एका वेळीं एक महाविद्यालय घेत वाढलें. म्हणजे प्रत्येक नव्या माणसाला आंत आल्याबरोबर ओळखीचे चेहरे दिसत. सप्टेंबर २००६ मध्यें तें सर्वांस खुलें झालें. पुढें वाढीचें खातें सांभाळणारे चमथ पालिहापितिया यांनीं त्या खात्याचें सूत्र जाहीर व्याख्यानांतून सांगितलेलें आहे: नव्या सभासदाला दहा दिवसांत सात मित्र मिळवून द्यावयाचे, मग तो जात नाहीं. झुरिकच्या संशोधकांनीं प्रेतावरून जें ताडलें, तें यांनीं जिवंत शरीरावर आधींच प्रयोगानें जाणलें होतें. या टप्प्यावर वाढ, टिकाव आणि जिव्हाळा हीं तिन्ही एकाच दिशेला जात होतीं, असें प्रामाणिकपणें म्हणतां येईल. सात मित्र मिळणें हें कंपनीच्या हिताचें होतें आणि माणसाच्याहि.

गांठ सुटली ती त्याच सुमारास, आणि ती सुटतांना कोणास दिसली नाहीं. ५ सप्टेंबर २००६ रोजीं ‘न्यूज फीड’ सुरू झालें. तोंवर मित्राची खबर घ्यावयाची तर त्याच्या पानावर जावें लागे. आतां सर्वांच्या खबरा आपोआप आपल्या पुढ्यांत येऊन पडूं लागल्या. त्याविरुद्ध फेसबुकवरच निघालेल्या एका निषेध-मंडळांत थोड्याच दिवसांत सात लाखांवर लोक सामील झाले. मौज अशी कीं, त्या निषेधाची वार्ता पसरली तीहि त्याच फीडमधून. लोक तोंडानें ‘नको’ म्हणत होते आणि आंकडे ‘हवें’ म्हणत होते. चालकांनीं खासगीपणाच्या कांहीं सोयी दिल्या, क्षमाहि मागितली, परंतु फीड ठेवलें. त्या दिवसापासून माणसाच्या बोलण्यापेक्षां त्याच्या बोटांवर अधिक विश्वास ठेवण्याची रीत पडली.

एकदां मजकूर ताटांत आपोआप वाढला जाऊं लागला म्हणजे तो मित्रानेंच केलेला असला पाहिजे असें बंधन उरत नाहीं. मित्र दिवसाकाठीं सांगणार तें काय? भाचीचें बारसें, गच्चीवरचीं फुलें, एखादा आजार. अनोळखी माणसांचीं गाणीं, नाच, भांडणें यांना अंत नाहीं. हें जाणवून कंपनीनें एकदां परत फिरण्याचा प्रयत्नहि केला. जानेवारी २०१८ मध्यें मार्क झुकरबर्ग यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें कुटुंब व मित्र यांच्यांतील अर्थपूर्ण देवाणघेवाणीस अग्रमान मिळेल. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनीं हेंहि सांगितलें कीं, झटपट पसरणाऱ्या चित्रफितींना आधींच आळा घातल्यानें लोकांचा तेथील वेळ रोज सुमारें ५ कोटी तासांनीं घटला आहे. अमेरिका व कॅनडांतील रोजचे सभासद १८ कोटी ५० लाखांवरून १८ कोटी ४० लाखांवर आले होते. एवढें नुकसान सोसण्याची तयारी दाखविणाऱ्याला ढोंगी म्हणणें मला जड जातें.

तरीहि प्रयत्न उलटला. कारण ‘अर्थपूर्ण’ हा शब्दहि शेवटीं मोजावाच लागला. उत्तरें, पुनःप्रसार, भावचिन्हें यांस गुण देण्यांत आले. २०१७ पासून भावचिन्हाला साध्या लाइकच्या पांचपट वजन होतें, आणि त्यांत रागाचें चिन्हहि आलें. मित्राच्या बारशाला माणूस एक लाइक देतो. ज्यावर चिडतो त्याखालीं दहा उत्तरें लिहितो. २०२१ सालीं बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून दिसतें कीं, या बदलानें माध्यम अधिक संतापी झालें हें कंपनीच्याच माणसांनीं लिहून ठेवलें होतें. जिव्हाळ्याचें माप काढावयास गेले आणि हातीं भांडणाचें माप आलें.

संताप हा निदान दिसतो. पुढें जें झालें तें दिसणारेंहि नव्हतें. आपल्या धंद्यावरील मक्तेदारीच्या खटल्यांत एप्रिल २०२५ मध्यें मेटा कंपनीनें, म्हणजे नांव बदललेल्या फेसबुकनें, बचावासाठीं स्वतःच आंकडे मांडले: मित्रांनीं घातलेला मजकूर पाहण्यांत जाणारा वेळ दोन वर्षांत फेसबुकवर २२ टक्क्यांवरून १७ वर, आणि इन्स्टाग्रामवर ११ वरून ७ वर आला होता. आम्ही आतां मित्रांचें जाळें राहिलेलों नाहींच, तेव्हां त्याची मक्तेदारी कसली, असा एकंदर युक्तिवाद. आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. फ्रेंडस्टर मेलें तें मित्र गेल्यामुळें. येथें मित्र बाजूला झाले आणि घर भरलेलेंच राहिलें. जिव्हाळ्यावांचून टिकाव साधतां येतो, हा शोध या क्षेत्रांत खरोखर नवा आहे.

वाढीच्या बाजूचा एक हिशेब आमच्या मुलुखांतला आहे. फेसबुकचे एक वरिष्ठ अधिकारी अँड्रयू बॉसवर्थ यांनीं २०१६ सालीं सहकाऱ्यांपुरतें एक टिपण लिहिलें होतें. माणसें जोडणें हेंच काम; त्यांतून कोणाचा जीव गेला तरी जोडीतच राहावयाचें, असा त्याचा रोख होता. मार्च २०१८ मध्यें तें उघड झालें, तेव्हां झुकरबर्ग यांनीं त्याशीं असहमति दाखविली आणि लेखकानेंहि तें आपलें मत नव्हतें, वाद उठावा म्हणून लिहिलें होतें, असा खुलासा केला. त्यानंतर तीन-चार महिन्यांनीं, १ जुलै २०१८ रोजीं, धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवडे बाजाराच्या दिवशीं भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना जमावानें ठेचून मारलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गांवोगांव फिरत होती. अफवेनें माणसें मारण्याचा प्रकार इंटरनेटपेक्षां फार जुना आहे, हें मी जाणतों. तथापि एका बोटाच्या टोंचणीनें शेंकडों घरांत एकच भय शिरण्याची सोय जुनी नव्हती. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास बंदी घालण्यास आरंभ केला. जानेवारी २०१९ मध्यें ती जगभर लागू झाली. आणि एप्रिल २०२० मध्यें फार फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल असें ठरलें. या शेवटच्या नियमानें तसे निरोप ७० टक्क्यांनीं घटल्याचें कंपनीनें सांगितलें. वाढ हाच ज्यांचा धंदा, त्यांनीं आपल्या हातानें दाराला खीळ घातली आणि त्यांचा धंदा बुडाला नाहीं. हें आधीं कां सुचलें नाहीं, असें त्या पांच जणांच्या घरच्यांनीं विचारलें तर काय उत्तर द्यावें?

सॉसालिटोच्या त्या जुन्या बैठकीचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. हातोहातीं विकत ती २०१२ सालीं पुन्हां विक्रीस निघाली. तेव्हां जुन्या सभासदांनींच पैसे घालून ती घेतली. त्याच वर्षीं फेसबुकची सभासदसंख्या एक अब्जावर गेली होती.

माझ्या २००३ च्या तुकडींतील विद्यार्थ्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं व्हॉट्सॲपवर एक गट काढला. आरंभीं तेवीस जण होते. मग पुढच्या-मागच्या तुकड्या आल्या, कोणाचे मेहुणे आले, एक विमा-प्रतिनिधि आला. संख्या दोनशेंच्या वर गेली आणि सकाळीं सहापासून सुविचारांचा पाऊस पडूं लागला. गेल्या दिवाळींत त्यांतल्या अकरा जणांनीं निराळा गट केला. त्यांत कोणी आजारी असलें तर दुसरा जाऊन डबा देऊन येतो, असें ऐकतों. मला त्यांत घेतांना एकानें बजावलें, “सर, एवढें करा, कोणाला ॲड करूं नका.”